फिल्टरमधली पांढरी पेस्ट

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा २५० केव्हीएचा जनरेटर. ऑइल बदलून जेमतेम ६० तास झाले आणि फिल्टर चोक. तो घेऊन मेंटेनन्सचे काका निदानासकटच आमच्या ऑइल तपासायच्या लॅबमध्ये आले. "हेडगॅस्केट गेलंय. उद्या हेड उतरवतो, तुम्ही फक्त रिपोर्ट द्या." हेडगॅस्केट म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील; ते फुटलं की इंजिन गार ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये शिरतं.

"काका, एक दिवस थांबा," म्हटलं.

फिल्टर कापला. घड्यांमध्ये काजळी नावालाच, पांढुरकी करडी पेस्ट मात्र भरपूर. इंजिनातल्या ऑइलचा थेंब १६० अंशांच्या हॉटप्लेटवर तडतडला, म्हणजे पाणी होतं. लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणारा जनरेटर पुरता तापत नाही, त्यामुळे ते उडूनही जात नाही. पण कूलंट गळत असता तर त्यातलं सोडियम-पोटॅशियम ऑइलमध्ये चढलं असतं. ते जवळपास शून्य.

स्टोअरमध्ये त्याच बॅचची सीलबंद बादली सापडली आणि तिनेच घोळ सोडवला. बादलीत टीबीएन (ऑइलची आम्ल मारायची ताकद) १०.४, कॅल्शियम २९०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), झिंक १२५०. इंजिनात टीबीएन ८.७, कॅल्शियम २३००, झिंक १२४०. व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, दोन्हीकडे तीच.

टीबीएन वापरामुळे उतरतो तेव्हा ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा अल्क आम्लाशी लढून खर्ची पडतो, पण कॅल्शियम बहुतांशी तेलातच राहतं. इथे कॅल्शियमच गायब. अल्करूपातलं १ टक्का कॅल्शियम म्हणजे २८ टीबीएन. हरवलेल्या ६०० पीपीएमचे होतात १.७. उतरलेला टीबीएनही बरोबर तेवढाच. इतका चोख हिशेब क्वचितच जुळतो, खरं सांगायचं तर आम्ही कॅल्शियम पुन्हा मोजून घेतलं.

हा ओव्हरबेस्ड, म्हणजे जादा अल्क भरलेला, डिटर्जंट तेलात साखरेसारखा विरघळलेला नसतो. सल्फोनिक आम्ल, चुना आणि मिथेनॉलच्या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइड सोडून तो बनवतात. त्यात काही नॅनोमीटरचा कॅल्शियम कार्बोनेटचा गाभा असतो, स्फटिक न झालेला. भोवती सल्फोनेटचे रेणू, डोकं आत आणि शेपटी तेलात. पाणी शिरलं की हे कवच विस्कटतं, गाभे एकमेकांना चिकटतात आणि कार्बोनेटचे स्फटिक होऊन खाली बसतात. झीज रोखणारं झिंकयुक्त रसायन, झेडडीडीपी, तेलात खरोखर विरघळलेलं असतं, म्हणून झिंक जागेवर राहिलं.

पेस्ट हेक्सेनने धुऊन वाळवली. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसली. एफटीआयआर या इन्फ्रारेड चाचणीच्या आलेखात ८७५ आणि ७१२ च्या आसपास टोकदार शिखरं आली, म्हणजे कॅल्साइट, स्फटिक झालेलं कॅल्शियम कार्बोनेट. ताज्या डिटर्जंटमध्ये ८६२ जवळ पसरट शिखर मिळतं आणि ७१२ चं दिसत नाही. इंजिनाच्या ऑइल चेंबरमधल्या ३६ लिटरचा हिशेब मांडला तर सुमारे ४८ ग्रॅम कार्बोनेट. ऑइल ज्या ड्रममधून भरलं त्याच्या तळाशी काही राहिलं असेल, तरी फिल्टर बुजायला पुरेसं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. २१० लिटरचे ड्रम शेडबाहेर, उभे. पावसाचं पाणी वरच्या कडेत साठतं. दिवसा ड्रम तापून हवा बाहेर फेकतो, रात्री गार होऊन बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढतो. बूच घट्ट असलं तरी. डिपस्टिकला पाणी ओळखायची पेस्ट लावून पाच ड्रम पाहिले. तिघांच्या तळाशी रंग बदलला. ड्रम आडवे करून घेतले, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊवर, म्हणजे आतून तेलाखाली राहतात.

"वरचं तेल गाळून वापरू का?" काकांनी विचारलं. गाळण्याने खडे जातील, पण बाहेर पडलेला कार्बोनेट परत तेलात जात नाही. ढवळलं तरी नाही. त्या तीन ड्रमांवर लाल रंगाने फुली मारली. हेड मात्र उतरवलं नाही.