आजीच्या वडिलांचा रकाना

माझी आजी आयरिश होती. आजोबा प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी डब्लिनच्या रोटुंडा रुग्णालयात गेले होते. तिथे १९३४ साली नोंदणी पद्धतीने लग्न करून ते तिला सांगलीला घेऊन आले. बालपणाचा विषय निघाला, की ‘मी अनाथ, मला कोणी नव्हतं’ एवढे मराठीत सांगून ती पुन्हा पोळ्या लाटू लागे. ती गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी तिचा शोध घ्यायला बसलो.

आयर्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मूळ पानाच्या छायाचित्रासह विनाशुल्क पाहता येतात. विवाहाची नोंद पहिल्याच संध्याकाळी सापडली. तिच्यात वयाच्या रकान्यात आकडा नव्हता, ‘सज्ञान’ एवढाच शेरा होता आणि आईच्या नावाला रकानाच नव्हता. वडिलांचे नाव आणि व्यवसाय मात्र होता. व्यवसाय ‘कूपर’. आपल्याला हे पारशी आडनाव म्हणून ठाऊक असते, तिकडे लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिराला कूपर म्हणतात. आजीच्याच नावाच्या सात मुली त्या सुमारास कॉर्क परिसरात जन्मल्या होत्या, परंतु कूपरची लेक एकच निघाली. लोण्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या शहरात पिंपांना काम होते, हेही जुळत होते. जन्म नोव्हेंबर १९०९.

आमच्या घरी मात्र तिचा वाढदिवस १ फेब्रुवारीला, म्हणजे संत ब्रिजिडच्या दिवशी होत असे, त्यामुळे आपण चुकीच्या मुलीमागे लागलो आहोत की काय, या शंकेत माझे दोन महिने गेले.

पुढचा आधार १९११ च्या जनगणनेचा. १९२२ साली डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत एकोणिसाव्या शतकातील बरेच दप्तर भस्मसात झाले, पण १९०१ आणि १९११ चे कुटुंबनिहाय तक्ते शाबूत आहेत. २ एप्रिल १९११ च्या रात्री त्या घरात आईवडील, चार वर्षांचा मुलगा आणि एक वर्षाची मुलगी होती. त्या वर्षी विवाहित स्त्रियांना किती मुले झाली आणि किती हयात आहेत, असा प्रश्न विचारला होता. तिथे तीन आणि दोन असे लिहिले आहे. ही आई १९१५ च्या मार्चमध्ये क्षयाने वारली. खबर देणारा नवरा, सहीच्या जागी त्याने केलेली फुली.

त्यानंतरची कागदपत्रे संकेतस्थळावर नव्हती. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने निराधार मुलांना ज्या ‘औद्योगिक शाळां’त ठेवत, त्यांपैकी एकीत ती असावी, असा अंदाज बांधून मी अर्ज केला, तेव्हा नात्याचा पुरावा मागण्यात आला. सांगलीच्या मृत्यू दाखल्यावर तिचे लग्नानंतरचे मराठी नाव, जन्मनोंदीत आयरिश नाव! प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले नाही. अखेर आत्याच्या ट्रंकेत, रेशमी साडीच्या घडीत, दोन्ही नावे असलेला तिचा जुना पासपोर्ट मिळाला आणि सहा आठवड्यांनी दाखल-नोंदवहीच्या पानाची प्रत आली.

त्या पानावर तिला ऑगस्ट १९१५ मध्ये दाखल केल्याचे आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९०९ असल्याचे लिहिले होते. पाच वर्षांची मुलगी कागदावर सहाची झाली होती. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावलेली अख्खी पिढी आहे, तेव्हा मला याचे फार आश्चर्य वाटायला नको होते. त्याच ओळीत पुढे होते: ‘आई मृत. वडील हयात, काम नाही.’

मी विवाहाची नोंद पुन्हा उघडली. वडील वारलेले असतील तर तिकडे बहुधा त्यांच्या नावाखाली ‘मृत’ असे लिहीत. आजोबांच्या वडिलांच्या नावाखाली ते होते, आजीच्या वडिलांच्या नावाखाली नव्हते. पहिल्या संध्याकाळी मी ते पाहिले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. मग मृत्यूच्या नोंदी १९१५ ऐवजी १९३४ पासून पुढे चाळल्या. कॉर्कमध्ये १९३७ साली रुग्णालयात मृत्यू, विधुर, व्यवसाय कूपर. खबर देणारा रुग्णालयाचा कर्मचारी. त्या वर्षी सांगलीत माझे वडील दोन वर्षांचे होते.