तीन बदाम आणि चार बदाम यांच्यामध्ये

ब्रिजच्या बोलीत मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न स्लॅमचा, म्हणजे बारा किंवा तेरा हातांच्या बोलीचा, नाही. भिडूने ‘तीन बदाम’ (बदाम हुकूम धरून सहा अधिक तीन, म्हणजे नऊ हात) म्हटल्यावर आपण ‘चार’ म्हणायचे की पास करायचे, हा साधा दिसणारा प्रश्न मला अधिक छळतो. ऑक्शन ब्रिज या जुन्या प्रकारात दोन बदामांवर थांबून दहा हात केले तरी गेम, म्हणजे मोठ्या बक्षिसाची पातळी, पदरात पडत असे. १९२५ साली हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी गुणांकनाची नवी पद्धत बसवली आणि जेवढे बोलला असाल तेवढेच गेमसाठी धरायचे, असे ठरले. तेव्हापासून थांबावे की पुढे जावे, हा निर्णय पत्ते खेळायला लागण्यापूर्वीच घ्यावा लागतो, आणि तोही एकट्याने घेऊन चालत नाही.

काही महिन्यांपूर्वीचा एक डाव सांगतो. संघांचा सामना होता आणि आम्ही व्हल्नरेबल होतो, म्हणजे गेम झाला तर बक्षीस मोठे आणि पडला तर दंडही मोठा. माझ्याकडे बदामाचे एक्का, राणी, नव्वी, अठ्ठी, चौव्वी ही पाच पाने, चौकटचे राजा, गुलाम, छक्की, किलवरचे राजा, दश्शी, पंजी आणि इस्पिकची दोन बारकी पाने होती. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक असे मोजून एकूण १३ गुण. मी ‘एक बदाम’ म्हटले. भिडूंनी बराच विचार करून ‘तीन बदाम’ म्हटले. हे गेमचे निमंत्रण होते आणि आमच्या ठरावानुसार त्याचा अर्थ बदामाची चार पाने आणि १० ते १२ गुण असा होता. व्हल्नरेबल असताना गेम सोडायचा नसतो, या हिशेबाने मी ‘चार’ म्हटले. डमी, म्हणजे भिडूंची उघडी मांडलेली पाने, खाली आली तेव्हा तिच्यात नऊच गुण होते आणि वाटणीही सपाट, ३-४-३-३. इस्पिकचे एक्का-राजा, चौकटचा एक्का आणि किलवरचा एक्का हे चार हात जाणार हे पहिल्या पानालाच दिसत होते. किलवरची राणी सोयीच्या जागी होती म्हणून नऊ हात तरी झाले. दुसऱ्या टेबलावर हीच पाने घेऊन बसलेली प्रतिस्पर्धी संघाची जोडी दोन बदामांवर थांबली आणि तिनेही नऊच हात केले. त्यांचे १४० आणि आमचे उणे १००, म्हणजे २४० चा फरक आणि ६ इम्पचा (दोन टेबलांवरच्या फरकावरून संघाला मिळणाऱ्या सामन्याच्या गुणांचा) तोटा.

“नऊ गुणांवर तीन कसे म्हणालात?” असे मी विचारले, तर उत्तर आले, “आपण व्हल्नरेबल होतो ना!” म्हणजे ज्या कारणासाठी मी एक पायरी वर गेलो होतो, त्याच कारणासाठी ते आधीच एक पायरी वर गेले होते. सामन्यात व्हल्नरेबल गेम बोलून झाला, तर नुसत्या १७० ऐवजी ६२० मिळतात, म्हणजे १० इम्पचा फायदा होतो. एका हाताने पडला तर ६ इम्प जातात. त्यामुळे गेम होण्याची शक्यता ३७.५ टक्क्यांहून अधिक असली की तो बोलावा, हे गणित बरोबरच आहे. पण ही सवलत जोडीला एकदाच मिळते. दोघांनीही ती घेतली की ३७ टक्क्यांचा म्हणून बोललेला गेम प्रत्यक्षात २० टक्क्यांचाही राहत नाही.

मग ती कोणी घ्यायची? निमंत्रण देणाऱ्याने काटेकोर राहावे आणि स्वीकारणाऱ्याने सैल असावे, असे माझे ठाम मत आहे. तीन बदामांवर थांबून काहीच मिळत नाही. नऊ हात झाले तर दोनवर थांबूनही तेवढेच गुण मिळाले असते, आणि आठच झाले तर हातचे गेले. म्हणजे निमंत्रण देऊन नकार मिळाला, तर ती फुकटची जोखीम ठरते. म्हणून मुळात निमंत्रणेच कमी द्यावीत आणि दिलेली बहुतेक स्वीकारली जावीत. भिडूंना हे उलटे वाटत होते, पण त्यांनी मान्य केले. त्यांचीच रीत आम्ही दोघांनी पाळली असती, तरी त्या डावात मी पास करून १४० घेतलेच असते, हे मलाही मान्य करावे लागले.

जोड्यांच्या स्पर्धेत मात्र गेमची शक्यता निम्म्याहून अधिक असावी लागते, कारण तिथे किती गुणांनी जिंकलो याला महत्त्व नसते.

त्या दिवशी भिडू ‘तीन’ म्हणण्यापूर्वी रेंगाळले, याचा फायदा घेण्याची मला नियमाने मुभा नव्हती. थांबण्यातून मिळालेली माहिती ही बोली नव्हे. आपण हलक्या पानांवर बोली उघडतो की नाही, निमंत्रण कशावर देतो, हे प्रतिस्पर्ध्यांनी विचारले तर त्यांनाही सांगावे लागते. जोडीची शैली हे गुपित नसते. त्यामुळे आता आमच्या कन्व्हेन्शन कार्डावर, म्हणजे जोडीचे संकेत लिहिलेल्या कार्डावर, ‘निमंत्रण: भक्कम ११’ असे लिहिलेले आहे.

आधीचे दोघे पास झाल्यावर तिसऱ्या जागेवरून हलकी बोली उघडण्याबाबत अजून एकमत नाही. आधी पास केलेल्या भिडूने ‘दोन किलवर’ म्हणून ‘तुमची बोली खरी आहे का?’ असे विचारण्याचा डग्लस ड्रुरी यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेत मला हवा आहे, कारण मी तिथे दहा गुणांवरही उघडतो. भिडूंना दोन किलवर हे खऱ्या किलवरांसाठीच राखून ठेवायचे आहे, आणि दहा गुणांवर उघडूच नये म्हणजे असा प्रश्नच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कार्डावरचा तो रकाना सध्या पेन्सिलीने भरलेला आहे.