कोरिंथियन-कॅज्युअल्स : टॉलवर्थच्या मैदानावरचा एक शनिवार

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे लंडनच्या नैर्ऋत्य उपनगरात काही आठवडे मुक्काम होता. एका शनिवारी दुपारी जावयाने विचारले, "बाबा, मॅच बघायला येताय का?" चेल्सी किंवा फुलहॅमचे मोठे स्टेडियम पाहायला मिळणार या आनंदात मी मफलर गुंडाळून तयार झालो, आणि पोचलो ते टॉलवर्थच्या किंग जॉर्जेस फील्ड नावाच्या मैदानावर. आम्ही लोखंडी कठड्याला रेलून कागदी पेल्यातला चहा पीत उभे राहिलो. गोलरक्षक आपल्या बचावपटूंवर ओरडत होता, त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. यजमान संघाच्या अंगात चॉकलेटी आणि गुलाबी रंगांचे सदरे होते. आमच्या शेजारी मात्र काळ्या-पांढऱ्या सदऱ्यांतले दोघे तरुण पोर्तुगीजमध्ये गप्पा मारत होते. ते साओ पाउलोहून लंडनला फिरायला आले होते आणि त्यांनी एक दुपार मुद्दाम या मैदानासाठी राखून ठेवली होती. हे कोडे उलगडायला मला घरी येऊन दोन-तीन रात्री वाचन करावे लागले.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या तीन व्यावसायिक श्रेणी सोडल्या, की उरलेल्या साऱ्या फुटबॉलला नॉन-लीग म्हणतात. कोरिंथियन-कॅज्युअल्स हा त्या उतरंडीत बराच खाली असलेला क्लब आहे. त्याच्या जोडनावातला पहिला भाग मात्र एके काळी इंग्रजी फुटबॉलमधल्या सर्वांत दबदब्याच्या संघाचा होता.

मूळ कोरिंथियन क्लब १८८२ साली निघाला तो स्कॉटलंडच्या धसक्याने. त्या काळी स्कॉटलंड इंग्लंडला जवळपास दरवर्षी धूळ चारत असे. १८८१ मध्ये तर लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड १–६ असे हरले आणि घरच्या मैदानावरचा इंग्लंडचा तो सर्वांत मोठा पराभव आजही तसाच नोंदलेला आहे. फुटबॉल असोसिएशन (एफए) या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे साहाय्यक सचिव एन. लेन जॅक्सन यांनी निदान केले, की स्कॉट खेळाडू एकमेकांसोबत नेहमी खेळतात, तर इंग्रज खेळाडू आयत्या वेळी गोळा केले जातात. म्हणून त्यांनी नामांकित पब्लिक स्कूल (म्हणजे श्रीमंतांच्या खासगी शाळा) आणि विद्यापीठांतून आलेल्या निवडक खेळाडूंचा क्लब काढला, ज्याला ना स्वतःचे मैदान होते ना कुठल्या चषकाची आस. चषकासाठी किंवा बक्षिसासाठी खेळायचे नाही, असा नियमच होता. गंमत अशी, की ज्या स्कॉट संघाने ओव्हलवर सहा गोल चढवले होते, त्याचा कर्णधार अँड्र्यू वॉटसन पुढे याच क्लबकडून खेळला. ब्रिटिश गयानात जन्मलेला वॉटसन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू मानला जातो.

जॅक्सन यांचे निदान अचूक ठरले. १८८४ मध्ये कोरिंथियनने त्या वर्षीच्या एफए कप विजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला ८–१ असे हरवले. १८९४ आणि १८९५ मध्ये वेल्सविरुद्ध उतरलेल्या इंग्लंडच्या संघातले अकराच्या अकरा खेळाडू कोरिंथियन होते. १९०४ मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात मँचेस्टर युनायटेडवर ११–३ अशी नामुष्की ओढवली, तीही यांच्याच हातून.

१८९१ मध्ये पेनल्टीचा नियम आला, तेव्हा या मंडळींना तो अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम कोणाला पाडेल, हे गृहीत धरणेच त्यांना मान्य नव्हते. त्यांच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली तर त्यांचा गोलरक्षक खांबाला टेकून उभा राही आणि त्यांना मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारत, असे सांगतात. हा बाणा वाचताना कौतुक वाटते, पण त्यातली मेख विसरून चालत नाही. लँकेशायरचा गिरणी कामगार सामन्यासाठी रजा काढायचा तेव्हा त्याचा रोजगार बुडायचा, म्हणून त्याला पैसे हवे असत. ज्यांच्या घरी पिढीजात पैसा होता, त्यांना 'आम्ही पैशासाठी खेळत नाही' असे म्हणणे सोपे होते. हौशी बाण्याच्या आतला वर्गाचा अहंकार मला तरी स्पष्ट दिसतो.

या क्लबचा एक धागा आपल्याकडेही येतो. कोरिंथियनचा बचावपटू सी. बी. फ्राय ससेक्सकडून क्रिकेट खेळताना रणजितसिंहजींचा जोडीदार होता आणि पुढे राष्ट्रसंघाच्या बैठकांना रणजींचा साहाय्यक म्हणून जिनिव्हालाही गेला. ज्या रणजी करंडकाच्या विजेतेपदांवर मुंबईकर हक्काने छाती फुगवतात, त्या नावाच्या माणसाचा हा जिवलग मित्र.

१९०७ मध्ये इंग्लंडमधल्या हौशी क्लबांनी फुटबॉल असोसिएशनशी फारकत घेतली. कोरिंथियन त्यांच्या बाजूने गेले, परिणामी व्यावसायिक संघांशी खेळण्याचे दरवाजे बंद झाले आणि क्लबने परदेश दौऱ्यांवर भर दिला. १९१० मध्ये ते ब्राझीलला गेले, रिओ आणि साओ पाउलोमधले सहाही सामने जिंकले आणि परतले. साओ पाउलोच्या बोम रेतिरो भागातल्या पाच कामगारांवर त्या खेळाची अशी मोहिनी पडली, की १ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी तेच नाव घेऊन स्वतःचा क्लब काढला. तो आजचा स्पोर्ट क्लब कोरिंथियन्स पाउलिस्टा, ज्याचे चाहते कोट्यवधींनी मोजावे लागतात. ज्यांच्यात इंग्लंडच्या कामगाराला सहजी प्रवेश मिळाला नसता, त्यांचे नाव ब्राझीलच्या कामगारांनी कपाळी मिरवले. १९१४ मध्ये क्लब पुन्हा ब्राझीलला निघाला, पण महायुद्ध पेटल्याची बातमी येताच खेळाडू मागे फिरले. त्यातले कित्येक जण रणांगणावरून परतले नाहीत.

युद्धानंतर क्लबने आपला नियम मोडला आणि १९२२-२३ च्या हंगामापासून एफए कपमध्ये भाग घेतला. १९२४ मध्ये ब्लॅकबर्नला पुन्हा हरवले. १९२७ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर न्यूकॅसलविरुद्ध आघाडी घेऊनही ३–१ असा पराभव झाला, आणि त्या मोसमात न्यूकॅसल लीगचे विजेते ठरले. त्यानंतर मात्र घसरण लागली. १९३९ मध्ये कॅज्युअल्स या दुसऱ्या हौशी क्लबमध्ये विलीनीकरण झाले. कॅज्युअल्स ही १९०५ मध्ये निघालेल्या इस्थमियन लीग या हौशी क्लबांच्या स्पर्धेची संस्थापक सभासद होती. आजचे चॉकलेटी-गुलाबी रंगही त्यांचेच. नव्या क्लबने डाव मांडतो न मांडतो तोच दुसरे महायुद्ध सुरू झाले.

१९५० ते १९६३ या काळात क्लबचे घर होते ते ओव्हल, जिथे पुढे १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला हरवले. १९५६ मध्ये हौशी चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर बिशप ऑकलंडशी १–१ अशी बरोबरी झाली. फेरसामन्यासाठी क्लबचा खेळाडू मिकी स्ट्युअर्ट वेस्ट इंडीजमधला क्रिकेट दौरा सोडून विमानाने निघाला, पण वेळेत पोचू शकला नाही आणि क्लब १–४ असा हरला. १९७४ मध्ये हौशी आणि व्यावसायिक हा भेदच कागदोपत्री संपला, त्याबरोबर तो चषकही.

टॉलवर्थचे मैदान १९८८ मध्ये मिळाले. त्याच वर्षी क्लब ब्राझीलला जाऊन आपल्या धाकट्या भावंडाशी खेळला आणि ब्राझीलच्या सॉक्रेटिससारख्या महान फुटबॉलपटूने त्या एकाच सामन्यात दोन्ही संघांचे सदरे घातले. २०१८ मध्ये क्लब इस्थमियनच्या प्रीमियर विभागात पोचला, तेव्हाही खेळाडूंना मानधन नव्हते. शनिवारी बूट चढवणारी ही मुले आता आठवडाभर कामधंदा करणारी असतात, आणि मला जुन्या सभ्य गृहस्थांपेक्षा यांचे फुकट खेळणे अधिक मोलाचे वाटते.

जानेवारी २०१५ मध्ये हा संघ साओ पाउलोच्या नव्या स्टेडियमवर उतरला, जिथे सातच महिन्यांपूर्वी विश्वचषकाचा पहिला सामना झाला होता. एरवी दोन-तीनशे प्रेक्षकांसमोर खेळणारी मुले हजारोंच्या गजरात ३–० अशी हरली, आणि ब्राझीलच्या चाहत्यांनी त्यांनाही डोक्यावर घेतले. आमच्या शेजारच्या दोघांपैकी एक जण त्या दिवशी तिथे हजर होता, हे त्याने मोडक्या इंग्रजीत आणि खूपशा हातवाऱ्यांनी सांगितले. सामना संपल्यावर त्याने गळ्यातला काळा-पांढरा स्कार्फ काढून चहाच्या खिडकीतल्या बाईंना दिला. बाईंनी तो घडी करून बाजूला ठेवला आणि उरलेला केक त्याच्या हातावर ठेवला.