काणकोणच्या गेटवेवर वजा ९२

गोव्यात पर्वरीच्या ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या गेटवेशी (तापमानाचे आकडे नेटवर्कवर देणाऱ्या बॉक्सशी) सर्व्हरची जोडणी दर वेळी धड होत होती, काणकोणच्या शीतगृहातल्या गेटवेशी दर वेळी फसत होती. बॉक्स तोच, फर्मवेअर तेच, सर्व्हर तोच. तिकडच्या वायरमनला फोन लावला तर म्हणाला, ‘सर, दिवे सगळे हिरवे आहेत, पाऊस सोडला तर इथे काही बिघडलेलं नाही.’ लॉगमध्ये एकच आकडा: वजा ९२, म्हणजे ‘हा ऑप्शन या प्रोटोकॉलला माहीत नाही’. आणि आम्ही मागत होतो टीसीपी-नोडिले हा ऑप्शन, जो लिनक्सच्या कुठल्याही टीसीपी सॉकेटला (जोडणीच्या टोकाला) माहीत असतोच.

नोडिले हवा कशाला, ते आधी. सर्व्हर शीतगृहांची तापमानं मॉडबस-टीसीपीने, म्हणजे औद्योगिक उपकरणांशी बोलण्याच्या प्रोटोकॉलने, विचारतो. विनंती जेमतेम १२ बाइटची: ७ बाइटचं हेडर, ५ बाइटचा मजकूर. प्रोटोकॉलची लायब्ररी हे दोन भाग वेगवेगळे पाठवते. पहिल्या भागाची पोच आल्याशिवाय नेगलचा नियम दुसरा छोटा भाग सोडत नाही. पलीकडचा गेटवे पोच लांबवतो, आणि लिनक्सवर ही लांबण किमान ४० मिलिसेकंदांची असते. दोन्ही भाग एकत्र पाठवणं हा खरा इलाज, पण ती लायब्ररी आमची नव्हती, उघडायची परवानगीही नव्हती. म्हणून नोडिले, जो नेगलचा नियम बंद करतो.

तो लावणं एका ओळीचं काम असायला हवं. पण सर्व्हर आयओ-युरिंगवर (लिनक्सची अशी सोय, जिच्यात प्रोग्राम कामांच्या नोंदी ‘रिंग’ नावाच्या फिरत्या रांगेत टाकतो आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्या उचलतो) चालतो आणि सॉकेट ‘डायरेक्ट डिस्क्रिप्टर’ म्हणून उघडतो, म्हणजे सॉकेट रिंगच्या स्वतःच्या तक्त्यात बसतो, प्रोसेसच्या फाइल-तक्त्यात नाही. ऑप्शन लावणाऱ्या नेहमीच्या सेटसॉकऑप्ट कॉलला द्यायला फाइल-नंबरच उरत नाही. तक्त्यातला जागा-क्रमांक ७ चुकून फाइल-नंबर म्हणून दिला, तर प्रोसेसच्या ७ नंबरवर जे असेल त्याच्यावर कॉल जातो. तिथे दुसरा सॉकेट असला तर ऑप्शन गुपचूप भलत्यालाच लागतो. (आत येणाऱ्या जोडण्यांना हा त्रास नाही. ऐकणाऱ्या सॉकेटवर नोडिले लावला की लिनक्सवर तो पुढच्या सॉकेटकडे वारसा म्हणून जातो. आमच्या जोडण्या बाहेर जाणाऱ्या.)

यासाठीच रिंगमधून सॉकेटला थेट कमांड देण्याची सोय आहे. कमांडचं ऑपरेशन कर्नेल ५.१९ मध्ये आलं, तेव्हा ते एनव्हीएमई डिस्कसाठी होतं. सॉकेटला ते ६.६ मध्ये मिळालं, पण फक्त दोन प्रश्नांपुरतं: वाचायचे किती बाइट पडून आहेत, आणि पाठवलेल्यांपैकी किती बाकी आहेत. सेटसॉकऑप्ट आणि (लागलेला ऑप्शन विचारणारा) गेटसॉकऑप्ट ६.७ मध्ये. आमच्या सर्व्हरवर ६.१, म्हणून बाहेरून आलेला बॅकपोर्ट (नव्या कर्नेलची सोय जुन्यात आणणारा बदल) लावलेला.

साखळी अशी: सॉकेट उघड, कनेक्ट कर, मग नोडिले लाव. तिन्ही नोंदी लिंक करून एकदम रिंगमध्ये टाकायच्या. नोडिले एकटा दिला तर चालायचा. साखळीत, आणि तेही काणकोणशीच, फसायचा. कमांडच्या हँडलरमध्ये (ती चालवणाऱ्या कर्नेलच्या फंक्शनमध्ये) एक छापणी टाकली आणि लेव्हल (ऑप्शन कुठल्या प्रोटोकॉलचा तो क्रमांक) आणि ऑप्शनचा क्रमांक पाहिला. लेव्हलच्या जागी हवे होते ६, आला नऊ-दहा आकडी कचरा. ऑप्शनच्या जागी हवा होता १, आले ३२५७०. हेक्समध्ये ते ७एफ३ए. एक्स८६-६४ वर ज्याने बफरचे पत्ते पाहिलेत त्याला ही सुरुवात लगेच ओळखू येते: प्रोसेसच्या मेमरीतल्या पत्त्याचा हा वरचा अर्धा भाग, आणि लेव्हलमधला कचरा म्हणजे खालचा.

रिंगमधली नोंद ६४ बाइटची. लेव्हल आणि ऑप्शन बसतात १६ ते २३ या बाइटांत, आणि वाचनाच्या नोंदीत नेमका तिथेच बफरचा पत्ता असतो. ऑप्शनची लांबी ४४ व्या बाइटपासून, व्हॅल्यूचा पत्ता ४८ पासून. कर्नेलने नोंद उचलली की तो खण प्रोग्रामला परत वापरायला मोकळा होतो. म्हणून जी कमांड ताबडतोब चालणार नसेल, तिची नोंद कर्नेलने आधी स्वतःकडे उतरवून घ्यायची असते. ६४ बाइटच्या नोंदीतून ६.१ उतरवतो फक्त शेवटचे १६ बाइट, ४८ ते ६३, कारण तोवरच्या ड्रायव्हरना नोंदीतला कमांडचा भागच लागायचा. बॅकपोर्टने त्याच्या शेजारी मूळ नोंदीचा पॉइंटर जोडला होता. उतरवणं मात्र जुनंच. त्यामुळे व्हॅल्यू बरोबर, पण लेव्हल आणि ऑप्शन रिंगमधून, म्हणजे तोवर तिथे जे काही लिहिलं गेलं असेल ते.

टेबलावरचा गेटवे एक मिलिसेकंदाच्या आत कनेक्ट होतो, तोवर खण शाबूत. काणकोण मोबाइल नेटवर्कवर, शिवाय पावसाचे दिवस. तेवढ्यात ६४ खणांची रिंग बाकीच्या गेटवेंच्या वाचनांनी फिरून आलेली असते. एकाने रिंग ४०९६ खणांची केली आणि काणकोणही चालू लागलं. असले ‘इलाज’ सर्वांत घातक, कारण गर्दी वाढली की तीच चूक पुन्हा उगवते, तोवर छापणी काढून टाकलेली असते.

दुरुस्ती मूळ कर्नेलने ६.५ मध्ये केली तशीच: हँडलरला आख्खी नोंद द्यायची आणि उतरवतानाही आख्खी उतरवायची. एनव्हीएमई आणि यूब्लॉक (डिस्कसारखी उपकरणं प्रोग्राममधून चालवू देणारा) ड्रायव्हर जुना पॉइंटर वापरतात, तेही बदलावे लागतात. तिथे कंपायलरच ओरडतो, म्हणून राहून जात नाही. जिथे तो गप्प बसतो ती जागा वेगळी. उतरवलेल्या नोंदीसाठी ६.१ मध्ये ८० बाइट राखलेले आहेत. ६४ ची नोंद त्यात मावते, सगळ्या चाचण्या पास होतात. पण रिंग १२८ बाइटच्या नोंदींची असेल तर ४८ बाइट बाहेर सांडतात. आकार १२८ करायचा आणि मोठ्या नोंदींची चाचणी केएसॅन (कर्नेलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून घ्यायची.

चूक पुन्हा घडवायला काणकोणला जायची गरज नाही. टेबलावरच्या इंटरफेसवर नेटएमने (लिनक्सच्या नेटवर्कवर कृत्रिम उशीर लावणाऱ्या साधनाने) ८० मिलिसेकंदांचा उशीर लावायचा, रिंग छोटी ठेवायची आणि बाकीची वाचनं चालू ठेवायची. दुरुस्तीआधी वजा ९२ हमखास, नंतर शून्य, म्हणजे यश. व्हॅल्यूचा पूर्णांक मात्र फंक्शनच्या स्टॅकवर ठेवू नये. कमांड पूर्ण होईपर्यंत ती जागा जिवंत राहावी लागते.

नोडिले लागला का हे रिंगमधूनच विचारू गेलात तर वजा ९५ मिळेल. तो बिघाड नव्हे: लावण्याची कमांड सगळ्या लेव्हलना चालते, विचारण्याची फक्त सॉकेट-लेव्हलला, कारण बाकीच्या प्रोटोकॉलचा गेटसॉकऑप्ट लांबीसाठी प्रोसेसच्या मेमरीतला पॉइंटर मागतो. म्हणून खात्री नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या टीसीपीडम्पने करायची. ७ बाइटच्या पाकिटामागे ५ चं पाकीट मधल्या पोचेची वाट न पाहता निघालं, की ऑप्शन लागला.