टाचणीच्या मागे एक सकाळ

आज लेकीला घेऊन बोरिवलीच्या नॅशनल पार्कात दहिसर नदीकाठी टाचण्या, म्हणजे चतुर या उडणाऱ्या कीटकाच्या नाजूक बहिणी, शोधत फिरलो. तुळशी तलावाकडून येणारी ही नदी मार्चमध्ये नुसती डबक्याडबक्यांची उरते. तासभर काहीच नाही. मग लेक कुजबुजली, "बाबा, हलू नकोस!"

गवताच्या पात्यावर काडीएवढी पिवळीधमक टाचणी, पंख पाठीवर मिटलेले. चतुर बसतो पंख पसरून, टाचणी बहुतेक वेळा मिटून. पुढे एक जोडी दिसली. नराने शेपटीच्या टोकाने मादीची मान धरलेली आणि ती पाण्यातल्या देठात अंडी घालत होती. किती वेळ बघत बसलो कोण जाणे! पिल्लं पाण्यातच वाढतात, त्यांना ही डबकी स्वच्छच हवीत. पार्काबाहेर याच नदीचा नाला होतो, ते बघून पोटात तुटतं.

लेक निघायलाच तयार नव्हती.