तुम्ही म्यूटवर आहात

सहाच जणांचा गट होता. वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडले गेलेले, आजवर एकमेकांना फक्त ईमेलमधून भेटलेले. नव्या प्रकल्पाआधी दिवसभराचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं आणि ते मी घेत होते. अशी सत्रं मी २०२० पासून घेते आणि सुरुवात माझी ठरलेली असायची: नाव सांगा, काम सांगा आणि इथं कोणालाच माहीत नसलेली स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगा. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा दिसू शकतो, त्यामुळे ‘डावीकडून सुरू करू’ म्हणून भागत नाही. म्हणून मी पाळीचा क्रम आधीच चॅटमध्ये टाकून ठेवत असे.

पाच जणांचं बोलून झालं. सहाव्या मॅडमची पाळी आली. ओठ किंचित उघडे, नजर एका बाजूला, आवाज मात्र नाही.

‘‘मॅडम, आवाज येत नाहीये,’’ मी म्हणाले. त्याच क्षणी कोणीतरी म्हणालं, ‘‘तुम्ही म्यूटवर आहात.’’ आणखी एकजण म्हणाला, ‘‘नेट गेलं वाटतं, चित्र अडकलंय.’’ आम्ही तिघं एकदम बोलत होतो. तेवढ्यात चॅटमध्ये ओळ उमटली.

‘मी म्यूटवर नाही. मी अडखळत बोलते. जरा थांबाल का?’

आम्ही थांबलो. त्यांनी नाव सांगितलं, काम सांगितलं, घरी दुर्बीण आहे आणि शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत हेही सांगितलं. त्यानंतर मी पुढच्या विषयाकडे वळले खरी, पण मन तिथंच राहिलं. मायक्रोफोनचं चिन्ह माझ्यासमोर होतं. त्यावर लाल रेघ नव्हती. ते न पाहताच मी बोलले होते.

गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत फार थोडा वेळ जातो. दहा भाषांमधली संभाषणं तपासणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास आलं. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा हा वेळ. त्याहून थोडी जास्त शांतता झाली तरी आपण अस्वस्थ होतो. एका खोलीत समोरासमोर असतो तर त्यांचा ताणलेला गळा, घेतलेला श्वास दिसला असता. पडद्यावर शांततेचा एकच अर्थ लावायची आपल्याला सवय झाली आहे: यंत्र बिघडलं. शिवाय अडखळत बोलणाऱ्या अनेकांना स्वतःचं नावच सर्वात जड जातं. एखादा शब्द अडला तर त्याच्या जागी दुसरा घेता येतो, नावाच्या जागी काय घेणार? मी सर्वात सोपा म्हणून ठेवलेला प्रश्न त्यांच्यासाठी सर्वात अवघड होता.

मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन केला. माफी मागितली आणि उत्साहानं म्हणाले, दुपारी जोड्या करू, प्रत्येकजण आपल्या जोडीदाराची ओळख करून देईल, म्हणजे तुम्हाला नाव सांगावंच लागणार नाही.

त्या म्हणाल्या, ‘‘माझं नाव मलाच सांगायचंय.’’

मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘अडखळण्याची सवय आहे हो मला. त्रास होतो तो वाट बघण्याचा. पाच जण माझ्या आधी बोलले, त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. मी फक्त माझी पाळी मोजत होते.’’

हे ऐकून माझ्या लक्षात आलं की हा फक्त त्यांचा प्रश्न नव्हता. दुपारच्या सत्राच्या सुरुवातीला मी सगळ्यांना विचारलं: सकाळी तुमच्या अगदी आधी जे बोलले, त्यांनी स्वतःबद्दल काय सांगितलं? पाच जणांना उत्तर द्यायचं होतं. एकालाच आठवलं. मानसशास्त्रात याला ‘नेक्स्ट-इन-लाइन इफेक्ट’ म्हणतात, १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर यांनी तो मांडला. पाळी जवळ आली की कान बंद होतात. म्हणजे इतकी वर्षं मी ओळखीच्या नावाखाली जे घेत होते, त्यात लोक बोलत होते आणि कोणी ऐकत नव्हतं.

मग मी ओळख पुन्हा घेतली. आधी प्रश्न बदलला: हात लांबवला की सापडेल अशी एक वस्तू निवडा, ती तिथं का आहे ते चॅटमध्ये लिहा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका. सहा ओळी एकदम वर आल्या. स्वतःबद्दल किती उघड करायचं याचा हिशेब अनोळखी माणसांपुढे कोणाला करावा लागला नाही, कारण बोलणं वस्तूबद्दल होतं. मग तीन ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच सत्रातल्या वेगळ्या छोट्या ऑनलाइन खोल्या, दोघादोघांना पाच मिनिटं, एकमेकांच्या ओळीबद्दल विचारायला. परत आल्यावर मी क्रम टाकला नाही. ज्याला आधी बोलायचंय त्यानं बोलावं, आपलं नाव सांगावं आणि जोडीदाराकडून कळलेलं काही सांगावं, एवढंच म्हटलं.

मॅडमनी लगेच हात वर केला. ओठ उघडले, नजर बाजूला गेली. पडद्यावर आम्ही बाकीचे सहा चेहरे आणि एक लांब शांतता. कोणी काही बोललं नाही, कोणी आपला माइकही तपासला नाही. मग त्यांनी नाव सांगितलं आणि जोडीदाराच्या टेबलावर बंद पडलेलं घड्याळ का ठेवलेलं असतं ते सविस्तर सांगू लागल्या.