सिन्नरच्या तलावातील काळा दगड तपासताना

उन्हाळ्यात सिन्नर तालुक्यातील आमच्या गावचा पाझर तलाव आटला आणि भेगाळलेल्या गाळात सापडलेला मुठीएवढा काळा दगड मावसभावाने नाशिकला माझ्याकडे तपासायला आणून दिला. "दादा, चुंबक चिकटतो, म्हणजे अशनीच," म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेला दगडच, असे त्याचे म्हणणे होते. कॅलिफोर्निया आणि नेवाडातील वाळवंटी कोरड्या तळ्यांमध्ये लोकांना अशनी सापडतात, हे त्याला ठाऊक होते.

तेथील पांढुरक्या, सपाट चिकणमातीच्या मधोमध डोंगरातले दगड सहसा वाहून येत नाहीत, त्यामुळे काळा दगड लांबूनही नजरेत भरतो, आणि पाऊस अत्यल्प असल्याने अशनीतील लोह गंजून नाहीसे व्हायला फार मोठा काळ लागतो. आमच्या तलावात मात्र ओढा दर पावसाळ्यात बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचे, गोटे आणून टाकतो आणि बेसाल्टमधील मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजामुळे त्यांनाही चुंबक थोडाफार ओढतोच. शिवाय शक्तिशाली चुंबकाने खऱ्या अशनीतील मूळ चुंबकीय नोंद, म्हणजे ती कशा चुंबकीय क्षेत्रात घडली याची खूण, पुसली जाते, म्हणून मी त्याला पुन्हा चुंबक लावू दिला नाही.

त्याऐवजी घनता काढली. कोरडा दगड ४३० ग्रॅम भरला. मग स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पूर्ण बुडवला, तेव्हा काट्याने १५० ग्रॅम दाखवले, म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. एक ग्रॅम पाणी एक घनसेंटिमीटर जागा व्यापते, म्हणून आकारमान १५० घनसेंटिमीटर आणि घनता दर घनसेंटिमीटरला २.८७ ग्रॅम. सामान्य दगडी अशनींची घनता साधारणपणे ३.२ ते ३.८ असते; आमचा २.८७ हा आकडा बेसाल्टचा होता.

भावाचे समाधान झाले नाही, म्हणून एक कोपरा छिन्नीने उडवला. आत पांढरे गोल ठिपके दिसताच तो हरखला, कारण बहुतेक दगडी अशनींमध्ये कॉन्ड्र्यूल नावाचे बारीक गोल कण असतात. भिंगाखाली मात्र त्या ठिपक्यांत मध्यापासून पसरलेल्या सुया दिसल्या: लाव्हातील वायूच्या पोकळ्यांमध्ये नंतर पाण्यातून साचलेले झिओलाइट नावाचे खनिज, ज्याचे देखणे नमुने सिन्नरच्याच गारगोटी संग्रहालयात मांडलेले आहेत. धातूचा एकही चकाकता कण नव्हता.

घनता साडेतीनच्या जवळ आली असती आणि धातूचे कण दिसले असते, तर दगड आणखी न फोडता, कोरड्या पिशवीत ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवायचे, असे आमचे ठरले होते.